उलटं फिरवलेलं रीळ

दिवे येतील तेव्हा येतील. तुम्ही खांबाकडं बघत बसलात म्हणून ते काही लवकर येणार नाहीत. या इकडं, सतरंजीवर बसा. लीले, शेंगा खा, पण टरफलं माझ्या अंगावर टाकू नकोस.

भुताची सांगा म्हणता. मला भुतातलं काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं ते स्वतःच सांगतात त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गंगावेशीत सायकलीचं दुकान टाकून जन्मभर पंक्चरी काढलेला माणूस मी. मंत्र नाही, तंत्र नाही. पण जोतीरामची गोष्ट सांगतो. ती त्यानं मला भर दुपारी दुकानात बसून सांगितली होती. बाहेर ऊन रखरखत होतं, समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालू होतं, आणि तरी त्याच्या हातातली कपबशी वाजत होती. आणि जोतीराम थापा मारणारा नव्हता. थापा मारायला जी हुशारी लागते ती त्याच्यात नव्हतीच मुळी.

हा जोतीराम फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर. जत्रा आली की तंबू ठोकायचा, पडदा बांधायचा, रात्री बोलपट दाखवायचा. बोलपटाचं मोठं मशीन मालकाचं. पण जोतीरामचं स्वतःचं असं एक जुनं मशीन होतं. मुक्या सिनेमाच्या काळातलं, हातानं हँडल मारून चालवायचं. त्याच्या वस्तादानं, ज्ञानू वस्तादानं, म्हातारपणी त्याच्या हवाली केलेलं. मशीनबरोबर रीळही एकच. कुठल्यातरी मुक्या विनोदी सिनेमाचा शेवट. बाकीचा सिनेमा कुठं गेला, त्याचं नाव काय, कुणालाही सांगता येत नव्हतं. शेवट तेवढा उरला होता.

मोठ्या मशीनवरचं रीळ बदलेपर्यंत पब्लिक शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घ्यायचं. म्हणून मधल्या वेळात जोतीराम हा शेवट दाखवायचा. मी स्वतः बघितलाय तो, जयसिंगपुरात. एका पोरीवर दोघं मरतात. एक पैलवान, एक छत्रीवाला मास्तर. दोघंही तिला एकाच होडीत घेऊन रंकाळ्यात निघतात. मास्तर तिच्या डोक्यावर छत्री धरतो, पैलवान छत्री ओढतो, होडी डगमगते, आणि मास्तर टोपीसकट पाण्यात. पैलवान त्याला काढायला हात पुढं करतो. तेवढ्यात ती पोरगी लाडात त्याच्या हाताला बिलगते. मग पैलवान हात मागं घेतो, मिशीला पीळ देतो, दोघं आपल्याकडं बघून हसतात, आणि मागं मास्तर गटांगळ्या खातो. वर येतो, खाली जातो. वर येतो, खाली जातो. शेवटी टोपी तेवढी तरंगत राहते. संपलं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचे. मीही पडलोय, खोटं कशाला बोलू.

त्यावर पोरं ओरडायची, "उलटं, उलटं!" कारण हाताचं मशीन, हँडल उलटं मारलं की चित्रही उलटं चालायचं. टोपीखालून मास्तर वर यायचा, पाण्यातून फेकल्यासारखा होडीत जाऊन बसायचा. अगदी कोरडा ठणठणीत, छत्रीसकट. बोलपट राहिला बाजूला, लोक याच्यासाठी यायचे.

आता यात एक रीत होती. ज्ञानू वस्तादानं घालून दिलेली. उलटं चालवलं की परत एकदा सुलटं चालवायचं, मास्तरला पाण्यात घालायचा, आणि मगच मशीन झाकायचं. जोतीरामनं विचारलं होतं, कशासाठी? वस्ताद म्हणाला होता, "बाहेर काढलास तर आत घालून ऊठ. इच्चारू नगंस." पुष्कळ वर्षांनी, एकदा सहज, एवढंच म्हणाला होता की आपण एका रात्री आळस केला, आणि पहाटे तंबूत आपल्या शेजारी कुणीतरी ओल्या कपड्यानं झोपून गेल्यासारखी जमीन ओली लागली.

जोतीरामनं रीत कधी मोडली नाही. मास्तर कोण, पैलवान कोण, हेही त्यानं कधी मनावर घेतलं नाही. पैलवान कोण ते कोल्हापुरात माहीत होतं म्हणा. हंबीरराव. रंकाळवेशीतून आत गेलं की त्यांचं दोन मजली घर. सिनेमातली ती पोरगी म्हणजे मीनाक्षीबाई, त्यांची बायको. दोघांनी सिनेमा केला, मग लग्न केलं, मग सिनेमा सोडला. मूलबाळ नाही. आमच्या दुकानावरून संध्याकाळी फिरायला जायचे. पण रंकाळ्याच्या बाजूला नाही, उलट्या दिशेनं. घरापासून हाकेच्या अंतरावर तळं, आणि ही दोघं पंचगंगेकडं चाललेली. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

तर, १९७१ साल. सव्वीस जानेवारी, मंगळवार. पौषातली अवस. अवस होती हे मला पक्कं आठवतं, कारण जोतीराम त्या दिवशी प्रवासाला निघायला नाखूश होता. तो होता पेठ वडगावला. हंबीररावांचा निरोप आला, ते मशीन आणि ते रीळ घेऊन घरी ये, आजच ये. म्हाताऱ्याला जुन्या दिवसांची हुक्की आली असेल, असं जोतीरामला वाटलं. ट्रंकेत मशीन घातलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं आला.

"जेवलास का?" हंबीररावांनी विचारलं.

"जेवलो की आण्णा, स्टँडावर."

तरी मीनाक्षीबाईंनी ताट वाढलं. आक्का म्हणायचा तो त्यांना. आक्का काही बोलल्या नाहीत. जोतीराम जेवत असताना त्या भिंतीवर पांढरं धोतर खिळ्यांना लावत होत्या, पडदा म्हणून. वरच्या मजल्यावरची खोली. एका बाजूला जिना, जिन्याच्या डोक्यावर दार. खिडक्या लावलेल्या.

हंबीरराव खूप उतरले होते. एके काळी लाल मातीतला गडी, आणि आता गळ्याची हाडं मोजून घ्यावीत असा. छातीचं दुखणं होतं. पण जोतीरामला त्यांचे डोळे बघवेनात. झोप न मिळालेल्या माणसाचे असतात तसे.

"जोती," ते म्हणाले, "त्या रिळात त्यो पान्यात पडतोय न्हवं, मास्तर..."

"व्हय."

"पिराजी त्येचं नाव. त्यो वर आलाच न्हाय."

जोतीराम हसला. त्याला वाटलं विनोदच चाललाय.

"आलाच न्हाय म्हणतोय मी. दुसऱ्या दिवशी शेवाळातनं काढला त्येला."

मग त्यांनी सांगितलं. कॅमेरा काठावर होता. डायरेक्टरनं सांगितलं होतं, हात पुढं कर आणि मागं घे, लोक हसतील. तसंच केलं. पिराजी ओरडत होता, पण ओरडायचंच होतं त्याला, तेच काम होतं त्याचं. कॅमेरावाला पट्टी संपेपर्यंत हँडल मारत राहिला. काठावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, पिराजीनं आज कमाल केली. मग वाट बघितली. टोपी वाऱ्यानं काठाला लागली... तरी वाट बघत होते. कंपनीला दुसऱ्यांदा शूटिंग करणं शक्य नव्हतं, मास्तरच उरला नव्हता. तोच शेवट लावला. गावोगाव लोक हसले.

"पिराजी हिला मागणी घालनार हुता," हंबीरराव म्हणाले. आक्का मान खाली घालून बसल्या होत्या. "मलाबी ठावं हुतं. म्हनून इच्चारतोय मी सोताला. हात मागं घेतला तवा मला खरंच नाटक वाटलंतं का? का कळलंतं... चाळीस वर्सं झाली, मला ठरवता येईना झालंय. डोळा मिटला की त्यो हात दिसतोय. सिनेमा मी कंदी बघितला न्हाय. वडगावच्या जत्रंत आमच्या पावण्यानं बघितला. म्हनाला, तुझ्याजवळ उलटं चालतंय. मास्तर भाईर येतोय."

"येतोय की."

"मग एकडाव मला दाव. आनि तसाच ठेव. पान्यात परत घालू नगंस."

वस्तादाची रीत त्यानं सांगितली. जमायचं नाही म्हणाला. तेव्हा तो म्हातारा, ज्याच्या नावानं एके काळी तालमी भरायच्या, तो जोतीरामपुढं हात जोडून उभा राहिला.

"दवाखान्यातनं सांगितलंय, माझं लई दिवस न्हाईत. त्येला वर घेऊन मरू दे मला."

तुम्ही काय केलं असतं? जोतीरामनं मशीन लावलं.

आधी सुलटं चालवावं लागणार होतं. दिवा लागला, धोतरावर रंकाळा उमटला. होडी, छत्री, ओढाओढ. जोतीरामनं हे रीळ शेकडो वेळा फिरवलं होतं. पण आजवर कधी शांततेत बघितलं नव्हतं. मुका सिनेमा मुका असतो असं आपण म्हणतो, पण त्याला पब्लिकचा आवाज असतो. आज हसणारं कुणी नव्हतं. हँडलची टकटक, बस्स. आणि हसू काढून घेतल्यावर जोतीरामला पहिल्यांदा ते दिसलं... तो माणूस नाटक करत नव्हता. पहिल्यांदा वर आला तेव्हा करत होता. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तर तो कॅमेऱ्याकडं बघत होता. म्हणजे जोतीरामकडंच. तोंड उघडं. काहीतरी म्हणत होता.

जोतीराम मला म्हणाला, "तात्या, त्येच्यावर मी आयुष्यभर लोकास्नी हसवलं."

त्याला थांबावंसं वाटलं. पण त्या जुन्या पट्टीचं असं असतं, दिवा चालू ठेवून हात थांबवला की पट्टी पेट घेते. घर जळायचं. हात चालू ठेवायलाच लागतो. टोपी तरंगली. मग त्यानं हँडल उलटं फिरवलं.

टोपीखालून डोकं आलं. खांदे आले. पिराजी पाण्यातून उठला, हंबीररावांचा हात त्याच्याकडं गेला, आणि दुसऱ्या क्षणाला तो होडीत बसलेला, कोरडा. तिथं जोतीरामनं भिंगापुढं झडप टाकून दिवा मालवला. रीळ तसंच ठेवून मशीनवर कापड झाकलं.

हंबीरराव अंधारात रडत होते. "वर आला," म्हणत होते. "वर आला, मीनाक्षी."

आक्का उठल्या आणि कंदील लावला.

परतीची गाडी गेलेली. जोतीरामला तिथंच घोंगडं टाकून दिलं. कोपऱ्यात कंदील बारीक करून ठेवला. हंबीरराव कॉटवर पडले आणि चक्क घोरायला लागले. जोतीरामला बरं वाटलं. वाटलं, आपण पुण्य केलं. वस्ताद जुना माणूस, काहीही सांगायचा. त्याचाही डोळा लागला.

जाग आली ती वासानं.

तळ्याच्या कडेला शेवाळ कुजतं ना, तो वास. खिडक्या बंद होत्या. वास खालून येत होता, जिन्यातून. गल्लीतलं एकही कुत्रं बोलत नव्हतं. घोरणं थांबलेलं. जोतीरामनं मान वळवली. हंबीरराव कॉटवर उठून बसले होते. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोघंही दाराकडं बघत होते.

खालची कडी वाजली.

वाऱ्यानं वाजते तशी नाही. कुणीतरी बोटानं उचलून, बाजूला करून, हळूच सोडावी तशी.

मग जिन्याची पहिली पायरी.

...पचक.

थोडा वेळ काही नाही.

...पचक.

ओल्या धोतराचं पाणी निथळल्याचा आवाज. पायरीवरून पायरीवर. थेंब... थेंब... मग पुन्हा पाऊल.

"आला," हंबीरराव म्हणाले.

आक्का पहिल्यांदा बोलल्या. "दार उघडू नगासा."

"चाळीस वर्सं मी त्येची वाट बघतोय."

"तुमी बघताय. त्येनं तुमची बघितली का, ठावं हाय तुमास्नी?"

हंबीरराव उठले. भिंतीला धरत धरत गेले. जोतीरामला उठवेना. पावलं थांबली होती. दाराच्या बरोबर पलीकडं. श्वासाचा आवाज नाही. फक्त थेंब.

हंबीररावांनी दार उघडलं.

अंधार. कंदिलाचा उजेड उंबऱ्यापर्यंतच पोचत होता. पलीकडं काही नाही, जिना नाही, भिंत नाही... काळं. आणि गार हवा, पाण्यावरची.

हंबीररावांनी हात पुढं केला. कोपरापासून पुढचा हात अंधारात दिसेनासा झाला.

"धर, पिराजी," ते म्हणाले. "धर की."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

मग ते हसले. लहान पोरासारखे. "धरला," म्हणाले. "धरलाय त्येनं."

आणि मग त्यांचं हसणं मोडलं.

कारण त्यांचे पाय सरकले. उंबऱ्याकडं. एकदा. परत एकदा. दुसऱ्या हातानं त्यांनी चौकट पकडली. ते मागं वळून काहीतरी ओरडले... आणि जोतीरामला ऐकू आलं नाही.

तोंड उघडं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आवाज नाही.

जोतीराम स्वतः ओरडला. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही. त्यानं जमिनीवर मूठ आपटली. ठोका नाही. थेंबाचा आवाजही गेला. खोलीतला सगळा आवाज कुणीतरी काढून घेतला होता. माणसं हलत होती. तोंडं हलत होती. मुकी.

तसं, पोरांनो... रिळातल्यासारखं.

आक्का उठल्या. धावत दाराशी गेल्या. जोतीरामकडं वळल्या आणि हवेत हात गोल फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. हँडल मारतात तसा. मशीनकडं बोट केलं. मग त्यांनी हंबीररावांचा ताणलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि मागं ओढायला लागल्या. त्यांचेही हात मनगटापर्यंत त्या काळोखात गेले.

जोतीराम गुडघ्यांवर सरपटत मशीनपाशी गेला. कापड ओढलं. दिवा लावला. झडप काढली.

हँडल सुलटं मारायला लागला.

मागं बघायचं नाही. बघितलंस तर हात थांबेल, हात थांबला तर आग लागेल. एवढंच तो मनात म्हणत होता. धोतराच्या पडद्यावर होडी आली. त्यात पिराजी बसलेला. पण तो छत्री धरत नव्हता, पोरीकडं बघत नव्हता. समोर बघत होता. जोतीराम हँडल मारत राहिला, पिराजी बसून राहिला. जोतीराम म्हणतो, रीळ पुढं सरकत होतं, पण तो सरकत नव्हता.

मग होडी डगमगली. एकदम. पिराजी पडला.

वर आला. खाली गेला.

वर आला...

जोतीराम रडत होता. हँडल मारत होता. पडद्यावरचा माणूस त्याच्याकडं बघत होता, काहीतरी म्हणत होता, आणि तो त्याला पाण्यात घालत होता. स्वतःच्या हातानं.

टोपी.

पट्टी संपली. सुटलेलं टोक फटाफटा वाजायला लागलं आणि त्या आवाजाबरोबर खोलीत सगळे आवाज परत आले. घड्याळ. लांब कुठंतरी कुत्रं. आणि मागं कुणीतरी धापा टाकतंय.

त्यानं दिवा मालवला. वळून बघितलं. दार उघडंच होतं, पण पलीकडं आता साधा जिना होता. उंबऱ्याच्या अलीकडं दोघं जमिनीवर बसली होती. हंबीररावांचा हात आक्कांच्या मांडीवर. आक्कांनी स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"परत घातला त्येला," हंबीरराव म्हणाले. "परत मी हात मागं घेतला."

"तुमी न्हाय," आक्का म्हणाल्या.

जोतीरामला वाटलं, एवढंच बोलायचं असेल. पण मग त्या दाराकडं बघत बोलल्या, एकसुरी, कुणाला उद्देशून ते कळू नये असं.

"तवाबी तुमी न्हाय घेतला. तुमी फुडंच करत हुता. मी वढला. लोकास्नी वाटलं लाडात बिलगली. मला कळलंतं त्यो खरंच बुडाय लागलाय. माझं नाव घेऊन वरडत हुता त्यो. पर तुमी वाकला असता तर तुमीबी गेला असता, तुमास्नी तरी कुटं पवता येत हुतं? दोघंबी गेला असता." मग म्हणाल्या, "मी एक ठेवून घेतला."

हंबीरराव त्यांच्याकडं बघत राहिले. चाळीस वर्षांचं ओझं उतरलेला माणूस आनंदानं रडेल असं आपल्याला वाटतं. जोतीराम म्हणतो, त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर भीती होती. आधी दारात होती त्याहून जास्त.

उजाडल्यावर जोतीराम जिना उतरला. पायऱ्या कोरड्या. कडी लावलेली. आतून. ना शेवाळ, ना थेंब. कुणाला दाखवावं असं काही नव्हतंच. तो तडक पंचगंगेवर गेला आणि घाटाच्या खाली रीळ काडी लावून जाळलं. भडका एवढा झाला की धुणं धुणाऱ्या बायका ओरडत पळाल्या. मशीन कुणालातरी देऊन टाकलं. ऑपरेटरची नोकरी सोडली आणि पन्हाळ्याला भावाकडं गेला. आज असेल की नाही, ठाऊक नाही. जाताना मला हे सांगून गेला, आणि म्हणाला, "आता त्येला आत घालाय रीळबी न्हाय, तात्या. आनि भाईर काढायबी न्हाय. ते बरं झालं का वाईट, मला काय कळंना."

मी तेव्हा त्याला खुळ्यात काढला. डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल, म्हातारा-म्हातारीनं रडारड केली असेल. तुम्हीही तेच म्हणणार, आणि म्हणा. मी काही रागावणार नाही.

हंबीरराव त्यानंतर साडेतीन वर्षं जगले. दवाखान्यातल्यांनाही नवल वाटलं. चांगली झोप लागायची म्हणे. पण संध्याकाळचं फिरणं सुटलं, बायकोबरोबर रस्त्यात कधी दिसले नाहीत. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात गेले. अंथरुणावर, शांत.

दहाव्या दिवशी बायका जमल्या. बांगड्या फोडायची चाल होती तेव्हा. वाईट चाल, पण होती. तुमची आज्जी, तानाबाई, त्या बायकांत होती. हे जोतीरामनं सांगितलेलं नाही, हे तिनं सांगितलेलं. आणि जोतीरामची गोष्ट तिला माहीत नव्हती. मी कधी बोललोच नव्हतो घरात.

मीनाक्षीबाईंनी उजवा हात पुढं केला. त्यातल्या बांगड्या फोडल्या. डावा हात पदराखालून काढीनात. म्हणाल्या, "ह्या ऱ्हाऊ द्यात." बायका समजूत घालायला लागल्या. रीत असते, असं करून कसं चालेल, लोक काय म्हणतील. त्या नाहीच म्हणत राहिल्या. शेवटी एकीनं हात धरून ओढला, आणि तानाबाईनं बांगड्या कोपराकडं सारल्या.

बांगड्या मनगटापासून वर गच्च भरल्या होत्या. खाली कातडीवर चार बोटं उमटलेली होती. आणि पलीकडून अंगठा. कुणीतरी घट्ट धरावं तशी. काळीनिळी नव्हेत. पांढरी. दिवसभर धुणं धुतल्यावर हात सुरकुततात ना, तेवढी पाच बोटांपुरती कातडी तशी फुगलेली. बाकीचा हात कोरडा, धडधाकट.

बायका मागं सरल्या. तानाबाईला वाटलं पाणी लागलंय, तिनं पदरानं पुसलं.

पदर ओला झाला.

तिनं परत पुसलं.

मीनाक्षीबाईंनी हात सोडवून घेतला, बांगड्या खाली ओढल्या आणि म्हणाल्या, "पुसू नगासा. रोजच हाय त्ये."